डब्याची भाजी, सशाचा पाला

घरात ससा आणला की शेजारून पहिला शेरा ठरलेला असतो, "बरं झालं, भाजीचा कचरा संपवायला कुणीतरी आलं." हे निम्मं खरं आहे. मुळ्याचा पाला, कोथिंबिरीच्या काड्या, फ्लॉवरची पानं यांवर ससा तुटून पडतो. पण बटाट्याची सालं, कांद्याची पात, कालची पोळी आणि डब्यातून परत आलेला भात हेही त्याच कचऱ्यात असतं, आणि त्यातल्या कशानेही सशाचं पोट बिघडू शकतं. कांद्याने तर रक्तातल्या तांबड्या पेशींवरही परिणाम होतो. शाकाहारी घरात हा घोटाळा जास्त होतो. आपण पालेभाजी खातो, तोही पाला खातो, मग ताट एकच असं वाटू लागतं. ताट एक नसतं, बाजाराची पिशवी मात्र एक असू शकते. रोज दोन-तीन डबे भरणाऱ्या घरात ससा पाळायचा असेल तर त्या पिशवीपासूनच दोघांचा विचार एकत्र करावा. त्याने काम फारसं वाढत नाही, आणि एरवी कंटाळा करून टाळलेली पालेभाजी डब्यात आपोआप येऊ लागते.

गवताची सोय आधी

भाजीकडे वळण्याआधी गवताचं बोलायला हवं, कारण मोठ्या सशाच्या रोजच्या खाण्यात ऐंशी टक्क्यांच्या वर गवतच असावं लागतं, वाळलेलं किंवा ओलं. त्याच्या तोंडात २८ दात असतात आणि सगळे जन्मभर वाढत राहतात. पुढचे दात तर वर्षाला दहा-बारा सेंटिमीटर वाढतात. ते झिजतात गवत तासन् तास चघळण्याने. भाजी मऊ असते, गोळी पेंड चावताच भुगा होते, त्यामुळे या दोन्हींवर ठेवलेल्या सशाच्या दाढांना धारदार टोकं येतात, गाल आणि जीभ कापली जाते आणि तो हळूहळू खाणंच सोडतो. दुसरं कारण पोटातलं. गवताचे लांब तंतू आतडं हलतं ठेवतात. मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला सशाला एक भलीमोठी पिशवी असते, तिथले जिवाणू अन्न आंबवतात, आणि त्यातून तयार झालेल्या मऊ, एकमेकींना चिकटलेल्या लेंड्या ससा थेट तोंडाने उचलून खातो. बहुधा रात्री किंवा पहाटे. पाहून किळस वाटते, पण त्यातूनच त्याला जीवनसत्त्वं आणि प्रथिनं मिळतात. तो हे करत असेल तर सगळं ठीक चाललंय असं समजावं. पोळी, भात, बिस्कीट, केळं यांतली साखर आणि पिष्ट या पिशवीत पोचलं की जिवाणूंचं गणित कोलमडतं. त्यात सशाला उलटी करता येत नाही. गिळलं ते गिळलं.

दुकानात मिळणारं परदेशी टिमोथी गवत उत्तम असतं पण महाग पडतं. आता भारतात पिकवलेलं ओटचं वाळलेलं गवतही मिळतं, ते चालतं. गावाकडे किंवा शहराच्या कडेला गोठा असेल तर मारवेल किंवा पवना गवताची पेंढी मागून पाहा. फक्त पेंढी सोडून नीट निवडा, कारण आपल्या माळावरच्या गवतात कुसळी सर्रास असते. तिचं टोकदार कुसळ हिरडीत, डोळ्यात, पायाच्या तळव्यात शिरतं. भाताचा पेंढा अंथरायला घ्या, खायला त्यात काही कस नसतो. ज्वारीची कोवळी हिरवी ताटं मुळीच नकोत. ती गुरांनाही लागतात हे शेतकऱ्याला सांगावं लागत नाही, सशाला तर फारच थोड्यात लागतील.

लसूणघास म्हणजे ल्यूसर्न. लसणाशी तिचा काही संबंध नाही, त्यामुळे त्या कारणाने ती टाळू नका. पण तिच्यात प्रथिनं आणि कॅल्शियम भरपूर. सहा-सात महिन्यांपर्यंतच्या पिल्लाला ती हवी, मोठ्या सशाला रोज नको. गाजरगवताची गोष्ट उलटी. त्याची पानं गाजराच्या पाल्यासारखी दिसतात, रस्त्याकडेला मुबलक उगवतं, आणि लहान मुलं कौतुकाने उपटून आणतात. ते विषारी आहे. घाणेरी, कण्हेर आणि रुईही तशाच. मुलांना हरळी ओळखायला शिकवा, म्हणजेच दूर्वा. ससा ती आनंदाने खातो. गणपतीच्या दिवसांत दूर्वांच्या जुड्या बाजारात येतात, तेव्हा एखादी जास्तीची घ्यायला हरकत नाही. हळदकुंकू, गुलाल लागलेलं निर्माल्य मात्र त्याच्यापुढे टाकू नये.

पिशवी रिकामी करताना

भाजी ओट्यावर ओतली की तिथेच वाटणी करावी. मी दोन रोळ्या ठेवते, एक आपली, एक सशाची. नंतर वेगळं करू म्हटलं की होत नाही, सकाळी घाईत सगळं एकाच टोपलीत जातं.

सशाच्या रोळीत नेहमी जाऊ शकतील अशा भाज्या म्हणजे कोथिंबीर, पुदिना, शेपू, मेथी आणि गाजराचा पाला. यांतल्या दोन-तीन रोज, आलटून पालटून. कोथिंबिरीची जुडी निवडताना वरची पानं वडीला किंवा आमटीला, आणि खालच्या करकरीत काड्या त्याला. मेथीचं तसंच, जून देठ आपल्या भाजीत दाताखाली येतात, त्याला ते आवडतात. शेपूच्या बाबतीत भांडण होतं, कारण घरातल्या निम्म्या माणसांना शेपू आवडत नाही आणि सशाला फार आवडतो. अशा घरात जुडी आणली तरी वाया जायची भीती उरत नाही.

मुळा आणि फ्लॉवर यांचं जरा जपून. सशाचं शरीर आहारातलं कॅल्शियम जवळजवळ सगळं शोषून घेतं आणि जास्तीचं लघवीवाटे टाकतं. म्हणून त्याची लघवी थोडी गढूळ असतेच. पण मुळ्याचा पाला, लसूणघास आणि कोबीच्या कुळातली पानं रोजच दिली तर मूत्राशयात गाळ साचायला लागतो. शिवाय कोबी-फ्लॉवरने काही सशांना गॅस धरतो. आठवड्यातून दोनदा, फ्लॉवरची दोन-तीन पानं एवढं पुरे. नवलकोलाची पानंही याच हिशेबात धरा. पालक, चाकवत, चुका, राजगिरा, बिटाची पानं यांत ऑक्झॅलेट जास्त, तेव्हा ती कधीतरी, चार पानं. बीट किंवा गाजर खाल्ल्यावर लघवी केशरी-लाल झाली तर घाबरू नका, तो बहुधा वनस्पतींचा रंग असतो. लाल लघवीबरोबर ससा कुंथत असेल किंवा सुस्त असेल तर मात्र डॉक्टर गाठावा.

नको असलेल्यांत पहिला मान कांदा-लसूण आणि त्यांच्या पातीचा. मग बटाटा, त्याची सालं आणि कोंब, टोमॅटोची पानं, अळू. अळवाचं फदफदं आपण चिंच घालून शिजवतो म्हणून घशाला खवखवत नाही. कच्चं पान सशाच्या तोंडात गेलं तर त्याचे हाल होतात. भिजवलेली मटकी, मोड आलेले मूग, कच्चे वाटाणे, मक्याचे दाणे हे सगळं डब्यासाठी ठेवा. कणसाची हिरवी सालं त्याला द्या, ती तो कागद फाडल्यासारखी फाडत बसतो आणि दातांनाही काम मिळतं.

आणि गाजर? बग्ज बनीने १९४० पासून करून ठेवलेला हा गैरसमज आता आपल्या घरांतही मुरला आहे. गाजराच्या कंदात साखर असते. सुपारीएवढा तुकडा आठवड्यातून दोनदा, खाऊ म्हणून. सफरचंदाची फोडही तशीच, बिया काढून. गाजराचं मूळ आपल्या कोशिंबिरीला आणि पाला त्याला, ही वाटणी दोघांच्याही तब्येतीची आहे.

प्रमाण विचाराल तर मोठ्या सशाला वजनाच्या किलोमागे दिवसाला एक मोठी वाटी दाबून भरलेला पाला आणि साधारण २५ ग्रॅम गोळी पेंड, त्याहून जास्त नको. पाणी तो माणसाच्या कल्पनेपेक्षा बरंच पितो, किलोमागे ५० ते १५० मिलीलिटर. नळीच्या बाटलीपेक्षा जड मातीचं किंवा चिनी मातीचं भांडं बरं, त्याला ते सहज उलटवता येत नाही. नवा पाला सुरू करताना एका वेळी एकच, दोन-तीन पानं, आणि दुसऱ्या दिवशी लेंड्या पाहून मग पुढे. पातळ झालं तर तो पाला त्याच्या यादीतून काढून टाका.

फवारणीचा प्रश्न दोघांनाही सारखाच. पालेभाजी मोठ्या पातेल्यात बुडवून, खळबळून, दोन-तीन पाण्यांतून काढावी आणि पंच्यावर पसरून वाळवावी. धुण्यासाठी व्हिनेगर किंवा साबण नको. सशाच्या वाट्याचा पाला कोरड्या फडक्यात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवला तर तीन दिवस टिकतो. पिवळं, चिकट झालेलं पान आपण खाणार नसू तर त्यालाही देऊ नये. इथे काटकसर कामाची नाही.

पहाटेचा तास

ससा दुपारी झोपतो आणि पहाटे व तिन्हीसांजेला जागा असतो. म्हणजे ज्या वेळी आपण कणीक भिजवतो, नेमक्या त्याच वेळी त्याला खायचं, पळायचं आणि आपल्या पायांत यायचं असतं. त्यामुळे क्रम ठरवून घ्यावा. उठल्यावर आधी त्याचं गवत बदला आणि पाला टाका. पाला आदल्या रात्रीच निवडून ठेवलेला असेल तर हे दोन मिनिटांचं काम आहे. मग स्वयंपाकघराचं दार ओढून घ्या किंवा आडवी फळी लावा, आणि त्यानंतरच कांदा-लसूण बाहेर काढा. विळी, सुरी, पाट दोघांचे वेगळे असले तर बरं. तेवढं जमत नसेल तर निदान आधी त्याचं चिरून मग आपलं. ससा ओट्याखाली फिरत असताना गरम तेलाची फोडणी करू नये. मिक्सरची लोंबणारी वायर त्याला कोवळी वेल वाटते, आणि तो ती एका चाव्यात तोडू शकतो. केस गळण्याच्या दिवसांत घरभर केस उडतात, तेव्हा डबे झाकूनच ठेवावेत. ऑफिसात डबा उघडल्यावर भाजीत पांढरा केस निघाला तर सहकाऱ्यांना ससा कितीही गोड वाटत असला तरी जेवण गोड लागत नाही.

आता आपला डबा. एकाच पिशवीतून तीन दिवस कसे निघतात ते सांगते.

मुळ्याच्या दोन जुड्या आणल्या तर सशाला आतली चार-सहा पानं. बाकी पाला बारीक चिरावा, मुळा किसून हलका पिळावा. तेलात मोहरी, हिंग, हळद, दोन हिरव्या मिरच्या, त्यावर पाला-मुळा घालून झाकण न ठेवता परतावा, म्हणजे उग्र वास निघून जातो. पाणी आटलं की मीठ, चिमूटभर साखर, आणि वरून तीन-चार चमचे बेसन पेरून झाकण ठेवून दोन वाफा. पिठाने भाजी सुकी होते, डब्यातून तेल-पाणी गळत नाही. याच रीतीने दुसऱ्या दिवशी ढोबळी मिरची करता येते. तिची एक पातळ चकती, बिया काढून, सशालाही चालते.

शेपूच्या एका मोठ्या जुडीला अर्धी वाटी मूगडाळ अर्धा तास भिजवून घ्यावी. लसणाच्या पाचसहा पाकळ्या तेलात लाल करून, त्यावर डाळ परतून, पाण्याचा हबका मारून ती मोडणार नाही इतपत शिजवावी. मग शेपू घालून पाणी सुकेपर्यंत परतावं. डाळ गिच्च झाली की डब्यात दुपारपर्यंत तिचा लगदा होतो, म्हणून दाणा दिसला पाहिजे. शेपूबरोबर ज्वारीची भाकरी हवी. भाकरी डब्यात वातड होते अशी तक्रार असते. पीठ गरम पाण्यात उकड काढून मळलं, भाकरी तव्यावरून काढल्यावर दोन मिनिटं वाफ जाऊ दिली आणि सुती फडक्यात गुंडाळली तर एक वाजेपर्यंत ती मऊ राहते. पोळीलाही हेच. तव्यावरची पोळी सरळ डब्यात कोंबली की आतल्या वाफेने खालची पोळी ओली होते, आणि दोष कणकेवर येतो.

फ्लॉवरच्या दिवशी पानं त्याला, गड्डा आपल्याला. गोडा मसाला आणि मटार घालून सुकी भाजी करा. फ्लॉवरचा कोवळा दांडा फेकू नका, साल काढून पातळ चिरला तर तो भाजीत सगळ्यात चवदार लागतो. आठवड्यातून एकदा मटकीची उसळ असावी. मटकी आठ तास भिजवून, रात्रभर फडक्यात बांधून मोड आणायचे, आमसूल आणि गूळ घालून कमी रसाची करायची. आमसुलाने उसळ दुपारपर्यंत चांगली राहते.

गाजराची कोशिंबीर डब्यात नेहमी पाणी सोडते, कारण आपण घरीच मीठ घालतो. किसलेलं गाजर, दाण्याचं कूट आणि वरून ओतलेली हिंग-मोहरीची फोडणी एवढंच भरा. मीठ-साखर छोट्या डबीत वेगळी आणि लिंबाची फोड. ऑफिसात कालवायला अर्धं मिनिट लागतं.

ऊन आणि ओल

एप्रिल-मे महिन्यांत डबा आणि ससा दोघेही नासायच्या बेतात असतात. सकाळी सातला भरलेला डबा एक वाजता उघडतो, म्हणजे सहा तास. ओलं खोबरं घातलेल्या भाज्या आणि चटण्या या दिवसांत बंद ठेवाव्या, सुकं खोबरं किंवा दाण्याचं कूट वापरावं. बटाटा-रस्सा टाळावा. भरण्याआधी भाजी ताटात पसरून निववावी. दहीभात न्यायचा तर दह्यात कालवू नका. गार होत आलेल्या मऊ भातात कोमट दूध भरपूर घालायचं, एक चमचा दही विरजणापुरतं, मीठ आणि वरून फोडणी. दुपारपर्यंत डब्यातच दही लागतं आणि भात आंबट होत नाही.

सशाला मात्र फोडणी घालून वाचवता येत नाही. त्याला घाम येत नाही, अंगातली उष्णता तो मुख्यतः कानांतून बाहेर टाकतो. पारा २८-३० अंशांच्या वर गेला की त्याला त्रास सुरू होतो. विदर्भ-मराठवाड्यातच नव्हे, पुण्यातही मे महिन्यात पत्र्याखालच्या गॅलरीत ठेवलेला ससा दुपारी मरू शकतो. त्याला घरातल्या सगळ्यात थंड खोलीत, शक्य असेल तर शहाबादी फरशीवर ठेवावं. बाटलीत पाणी गोठवून, ती पंच्यात गुंडाळून शेजारी ठेवली की तो स्वतःच तिला टेकून बसतो. कानांना ओलं फडकं लावावं. तोंड उघडं ठेवून धापा टाकत असेल, लाळ गळत असेल, तर उष्माघात आहे. बर्फाच्या पाण्यात बुडवू नये, त्या धक्क्यानेच तो जातो. साध्या गार पाण्याने कान आणि पाय भिजवत तडक दवाखाना गाठावा. एरवीही सशाला आंघोळ घालायची नसते. तो स्वतःला चाटून स्वच्छ ठेवतो.

पावसाळ्यात धोका ओलीचा. गवताला बुरशी धरते, आणि बुरशीचा वास येणारं गवत सरळ टाकून द्यावं. पोतं जमिनीवर न ठेवता पाटावर, हवा लागेल असं ठेवा. ज्या सशाचं मागचं अंग लघवीने किंवा पातळ लेंडीने माखतं, त्यावर माश्या अंडी घालतात आणि दिवसाभरात अळ्या पडतात. म्हणून जून ते सप्टेंबर रोज उचलून पाहणं आवश्यक. उचलताना कानाला धरायचं नाही. एक हात छातीखाली आणि दुसरा ढुंगणाखाली हवा. मागचे पाय लोंबकळत राहिले आणि त्याने जोरात झटका दिला तर पाठीचा कणा मोडू शकतो, इतका तो नाजूक असतो.

जागा आणि जोडी

पिंजऱ्यातला ससा हे चित्र मला अजिबात पटत नाही. ब्रिटनमधली रॅबिट वेल्फेअर असोसिएशन दोन सशांसाठी किमान ३ मीटर लांब, २ मीटर रुंद आणि १ मीटर उंच जागा सुचवते. मुंबईच्या वन-रूम-किचनमध्ये हे ऐकून हसू येईल, पण बैठकीचा एक कोपरा जाळीने वेगळा करून सकाळ-संध्याकाळ घरभर मोकळं सोडलं तर बरंच साधतं. तारेची जाळी असलेल्या तळाचा पिंजरा मात्र नकोच, त्याने तळव्यांना जखमा होतात. ससा बहुधा एकच कोपरा धरून लघवी करतो. तिथे एक ट्रे, तळाला वर्तमानपत्र, वर गवत आणि डोक्याशी गवताची टोपली अशी सोय केली की काही दिवसांत तो तिथेच जायला लागतो, कारण सशाला खाताना लेंड्या टाकायची सवय असते.

ससा कळपातला प्राणी, त्याला जोडी लागते. दुकानदार "दोन्ही माद्याच आहेत" म्हणाला तरी विश्वास ठेवू नका, डॉक्टरकडून पाहून घ्या. मादी ३० ते ३१ दिवसांत विते आणि त्याच दिवशी पुन्हा गाभण राहू शकते. नराची निर्बीजीकरणाची शस्त्रक्रिया केली तरी नंतर चार ते सहा आठवडे पिल्लांची शक्यता उरते. मादीची शस्त्रक्रिया न केल्यास वय वाढेल तसा गर्भाशयाच्या कर्करोगाचा धोका फार वाढतो, त्यामुळे हा खर्च टाळू नये. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू घेऊ नका. आणि शेतात सापडलेलं रानसशाचं पिल्लू घरी आणू नका. तो वेगळा प्राणी आहे, माणसाळत नाही, आणि वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली त्याला संरक्षण आहे. पाळीव ससा आठ ते बारा वर्षं जगतो. आठवीतल्या मुलीच्या वाढदिवसाला घेतलेला ससा ती नोकरीला लागेपर्यंत घरात असू शकतो, आणि तोवर त्याचा पाला आईच निवडत असते. घेण्याआधी आईला विचारा.

दिवाळीत फटाक्यांनी ससा भीतीने दगावू शकतो. आतल्या खोलीत, खिडक्या बंद करून, लपायला खोका देऊन ठेवा.

खाणं थांबलं तर

ससा दुखणं लपवतो. रोज पाहायच्या खुणा दोनच, पाला टाकल्यावर तो धावत येतो का, आणि ट्रेमध्ये नेहमीएवढ्या, गोल, कोरड्या लेंड्या आहेत का. दहा-बारा तास त्याने काही खाल्लं नाही किंवा लेंडी टाकली नाही तर उद्या बघू म्हणायचं नाही. आतडं थांबलेलं असतं, आणि रात्रीतून जीव जातो. त्यामुळे ससा आणण्याआधी आपल्या गावात सशावर उपचार करणारे डॉक्टर कोण आहेत हे शोधून ठेवावं. कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर सशाचं पाहत नाहीत.

घरातली औषधं त्याच्यापासून लांब. अमॉक्सिसिलिन किंवा पेनिसिलिनच्या गटातलं औषध तोंडावाटे दिलं तर आतड्यातले उपयोगी जिवाणू मरून ससा दगावतो, मग ते लहान मुलांचं गोड सिरप असलं तरी. कुत्र्याला गोचिडांसाठी लावतात ते फिप्रोनिलचे थेंबही त्याला घातक. कानात खपल्या, अंगावर खरूज दिसली तर त्यावर चांगले उपाय आहेत, पण मात्रा वजनावर ठरते, तेव्हा ते डॉक्टरांकडूनच. माणसाला नायटा होतो तसा सशालाही होतो आणि एकमेकांना लागतो. केस गेलेला गोल चट्टा दिसला की हात धुतल्याशिवाय कणकेला लावू नका.

गावाला जाताना

लग्नसराईत किंवा मे महिन्यात सगळं घर आठ दिवस बाहेर पडतं, तेव्हा प्रवासाला मेथीचे ठेपले किंवा धपाटे केले जातात आणि ससा शेवटच्या क्षणी आठवतो. त्याला एसटीने नेण्यापेक्षा त्याच्याच घरात राहू द्यावं आणि ओळखीच्या माणसाने दोन वेळा यावं. कोरडं गवत पुरेल त्याच्या दुप्पट ठेवा. कोणता पाला द्यायचा हे त्या माणसावर सोडू नका. पहिल्या तीन दिवसांचा निवडून, धुऊन, फडक्यात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवा, आणि पुढच्या दिवसांसाठी कोथिंबीर आणि पुदिना एवढीच दोन नावं कागदावर लिहा, कारण बाजारात गेलेला शेजारी प्रेमाने गाजरं आणि पालक घेऊन येतो. त्याच कागदावर डॉक्टरांचा फोन, दवाखान्याची वेळ, आणि मोठ्या अक्षरांत एक ओळ: सकाळचा पाला संध्याकाळी तसाच दिसला तर मला फोन न करता आधी त्याला घेऊन जा. दवाखान्यापुरते पैसे डब्यांच्या कपाटात ठेवले आहेत हेही लिहा, आणि खरोखर ठेवा.